तुम्ही समितीत नाही म्हणून

गोळीच्या मधोमध एक बारीक रेघ असते. त्या रेघेवर दोन्ही अंगठ्यांनी दाब दिला की ती बरोबर अर्धी होते, असं डॉक्टर म्हणाले होते. बरोबर अर्धी ती कधीच होत नाही. एका तुकड्याला कडेला टोक जास्त येतं, दुसऱ्याची कड खचते, आणि दोघांच्या मध्ये पांढरी भुकटी उरते जी कुठल्याच अर्ध्यात धरलेली नसते. ती मी बोटाने टिपून जिभेवर ठेवायची. आधी कडू आणि मग किंचित धातूसारखी चव. कॉलेजात असते तर मुलांना रागावले असते, की पदार्थ चाखून ओळखायचा नसतो.

कॉलेजात मी पावसाळ्यापासून गेले नव्हते. सेलूच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. जुलैत एक दिवस फळ्यावर समीकरण लिहिलं, दोन्ही बाजू लिहिल्या, आणि तोल साधताना सुरुवात लोखंडापासून करायची की ऑक्सिजनपासून, हे मला ठरवता येईना. दोन्ही मार्ग बरोबर होते. मी खडू धरून उभी राहिले. मुलं आधी हसली, मग शांत झाली. शेवटी पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने माझ्या हातातून खडू काढून घेतला.

त्यानंतर सगळंच तसं झालं. वरण कुठल्या वाटीत घ्यायचं, खिडकी उघडायची की नाही, आंघोळ आधी की चहा. मी रडत नव्हते. लोकांना वाटतं या आजारात माणूस रडतो. मी नुसती थांबलेली असायची.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी त्याला डिप्रेशन म्हटलं. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "मोठे निर्णय सध्या घेऊ नका."

"मोठा म्हणजे केवढा?" मी विचारलं.

ते हसले. "तुम्हाला मोठा वाटेल तेवढा."

माझा नवरा विवेक याने गावात सांगितलं की रक्षाला थायरॉइड आहे. त्याने चांगल्यासाठीच सांगितलं. मग बायका तब्येत पाहायला येऊ लागल्या, आणि धने उकळून प्यायचे की कोबी बंद करायची यावर माझ्या पलंगाशी बसून वाद घालू लागल्या. मी दोघींनाही हो म्हणायची.

गोळ्या लागू पडायला लागल्या तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. दुपारी मला एक विचित्र झोप यायची. झोप म्हणावी तर आवाज ऐकू यायचे. विहाराजवळच्या हातपंपाची कुरकुर, कोणाच्या तरी बैलाच्या गळ्यातली घंटा, दूरच्या रस्त्यावरचे ट्रक. पण ते सगळं पाण्याखालून आल्यासारखं. डोळे उघडले की खोलीतल्या वस्तू आपापल्या जागेपासून बोटभर वर उचललेल्या वाटायच्या. कपाट, स्टूल, दोरीवरचा टॉवेल. मी त्यांच्याकडे पाहत राहायची, आणि हळूहळू त्या खाली बसायच्या. मला त्याची भीती वाटत नव्हती. उलट बऱ्याच महिन्यांनी काहीतरी पाहावंसं वाटत होतं.

अशाच एका दुपारी महादेवराव आले. ते आमच्या गावच्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष. गावातली भांडणं पोलिसांत किंवा कोर्टात न जाता गावातच मिटवायची, हे समितीचं काम. ऑगस्टच्या ग्रामसभेत समितीवर एक शिकलेली बाई पाहिजे म्हणून कोणीतरी माझं नाव सुचवलं, टाळ्या वाजल्या, आणि ते लागलं. मी त्या सभेत नव्हतेच. घरी पडून होते.

"कसं वाटून राह्यलं, सूनबाई?" खुर्ची ओढत महादेवरावांनी विचारलं.

"बरं आहे."

"हे थायरॉइड म्हणजे लय हरामी काम. माह्या साळीले होतं. सुजून ढोल झालती. तुम्ही तं वाळून राह्यल्या."

"वेगवेगळं असतं ते."

"असन बाप्पा." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "विवेक भेटला होता. म्हणे, तिले या लफड्यात नका ओढू. मी म्हटलं, नाई ओढत. तब्येतीपुढे काय असते? पण पांदणीचं भांडण दोन खेपा पुढं ढकललं मी. माणूस कमी पडते. तवा तुमचं नाव काढून माधवीताईचं टाकावं म्हणतो. काढू का ठेवू?"

काढा, असं म्हणायला काहीच हरकत नव्हती. तो शब्द ओठांवर आलाही होता. पण त्याच्या शेजारी दुसरा शब्द येऊन उभा राहिला, आणि दोघेही एकमेकांना वाट देईनात.

"सांगते," मी म्हणाले.

"सांगजा. घाई नाई," असं म्हणून ते गेले. पुढच्या बैठकीपर्यंत मी समितीत नाही असंच गावाने धरलं.

पांदणीचं भांडण असं. पांदण म्हणजे गावातून शेतांकडे जाणारी जुनी गाडीवाट. दोन्ही बाजूंना शेतं, मधे बैलगाडीपुरती जागा. ती पुढे जाऊन नागपूर रोडला लागते. वाटेच्या तोंडाशी योगेंद्रचं घर आणि शेत, त्याच्या पलीकडे जयवंताबाईंचं शेत. दसऱ्याच्या सुमारास योगेंद्रने बाभळीच्या काट्या टाकून ती वाट बंद केली. जयवंताबाईंचा कापूस फुटून उभा, वेचणारणी तयार, आणि गाडी जायला वाट नाही. त्यांनी समितीकडे तक्रार केली. रस्त्याच्या बाजूला जमिनीचे भाव चढले म्हणून योगेंद्रला ती पट्टी गिळायची आहे, असं सगळं गाव म्हणत होतं. योगेंद्रही समितीत तेच म्हणाला. वाट माझ्या हद्दीत आहे, मोजणी आणा.

महादेवरावांच्या नंतर दोन-तीन दिवसांनी तो माझ्याकडे आला. हातात ओल्या तुरीच्या शेंगांची पिशवी. पिशवी दाराशी ठेवून तो उंबऱ्यावरच बसला.

"आत ये ना," मी म्हणाले.

"बरा हाय इथंच, पायाले चिखल हाय." त्याने पायाचा चिखल उंबऱ्याबाहेर खरवडला. "वहिनी, तुम्ही समितीत नाई ना आता?"

"असं म्हणतात."

"म्हणून सांगून राह्यलो. समितीतल्याले सांगितलं तं गावभर होते. तुम्ही काय, घरीच राह्यता." त्याने पिशवी आत सरकवली. "बाबाले समजत नाई आता."

बापूराव म्हणजे त्याचे वडील. ते कित्येक वर्षं गावचे पोलीस पाटील होते. मी लग्न होऊन आले तेव्हा चौकातून बापूराव निघाले की पत्ते खेळणारे पत्ते मांडीखाली घालायचे.

"पहाटं उठते, पांढरा सदरा घालते अन् चालाले लागते. कुठी जाता म्हटलं तं म्हणते, वर्ध्याले, कोर्टात तारीख हाय. साक्ष द्याची हाय. मागं असाच पांदणीनं गेलता. मी गाडी घेऊन धावलो तं हा मोठ्या रोडच्या मधात उभा, अन् ट्रकवाला हारन देऊन राह्यला. बाबा त्याले हात दाखवते. थांब म्हणते." योगेंद्रने मान खाली घातली. "तवा मी काट्या टाकल्या. काट्यापाशी येते, उभं राह्यते, अन् मंग वापस फिरते."

"हे समितीत सांगितलं असतंस तर..."

"काय सांगू? बापूराव पाटील येडा झाला म्हणून? गाव मले जमीनचोर म्हणते तं म्हणू दे वहिनी. चोर चालते."

तो गेल्यावर मी पडून राहिले. दुपारचा उजेड भिंतीवर तिरपा आला, तांबूस झाला. त्या उजेडात मला एक लांब रस्ता दिसत होता आणि त्यावर पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस, जो ट्रकला, ढगांना, सगळ्यांनाच हात दाखवून थांबवतोय.

मग जयवंताबाई आल्या. त्याच दिवशी की दुसऱ्या, मला नक्की सांगता येणार नाही. मी डोळे उघडले तेव्हा त्या पलंगाच्या पायथ्याशी बसल्या होत्या. केसांत कापसाचे तंतू अडकलेले, ओच्याला माती.

"झोपली काय, मास्तरीन?"

"नाही."

"थायरॉइड म्हणे." त्या हसल्या. "मले नको शिकवू. माही बहीण दोन वर्स भिताडाकडं तोंड करून बसली होती. तिले गाव कावीळ म्हणे. दोन वर्स कावीळ राह्यते का कोणाले?"

 कोणीतरी आपल्याला ओळखलं, याचं मला बरं वाटलं की वाईट, तेही ठरेना.

"तू समितीत नाईस हे बरं झालं," जयवंताबाई म्हणाल्या. "एक गोष्ट पोटात हाय. समितीत बोलता येत नाई. त्या बापूरावले भान नाई राह्यलं आता. काट्या पडाच्या आधी दोन खेपा माह्या शेतात सापडला. बोरीखाली बसला होता, सदऱ्याचे सारे बटनं लावून. म्हणे, मोटार याची हाय. मी भाकर देली, चहा देला. मंग हात धरून त्याच्या वाडीमागं आणून सोडला अन् पळाली. योगेंद्राले ठाऊक नाई. ठाऊक झालं तं कोंडून ठेवन म्हाताऱ्याले."

"आणि वाट?"

"वाट त्याले पायजे, दुसरं काय. हावरट हाय थो. बाप हात दाखवे तं बैल थांबत, अन् पोरगा पाहा. पण बापाचं नाव काढून मी वाट नाई मागत. तसली वाट नको मले." त्या उठल्या, पदर झटकला. "झोप. अन् भिताडाकडं नको तोंड करू. इकडं करून झोप."

मी कूस बदलली. पुन्हा डोळे उघडले तेव्हा खोली रिकामी होती, आणि पलंगाच्या पायथ्याशी कोणी बसल्याची खूण नव्हती.

आता माझ्यापुढे एक अडचण उभी राहिली. योगेंद्र येऊन गेला याचा पुरावा होता. शेंगांची पिशवी दाराशी होती, विवेकने त्या सोलून आमटीही केली. पण जयवंताबाईंनी काहीच आणलं नव्हतं. गोळ्यांच्या त्या झोपेत मला पूर्वी कॉलेजातले शिपाई, माझी मावशी, अगदी बोरगाव मेघेच्या आमच्या जुन्या शेजारीणबाईही येऊन भेटून गेल्या होत्या. योगेंद्रने जे सांगितलं त्याचाच उरलेला अर्धा भाग मी स्वप्नात जोडून घेतला नसेल कशावरून? तो फारच नेमका जुळत होता. दोघांनाही तीच गोष्ट ठाऊक, आणि दोघेही ती एकमेकांपासून लपवतात. प्रयोगात आकडे इतके जुळले तर मी पुन्हा करून पाहा म्हणते.

म्हणून एका सकाळी मी स्वेटर घातला आणि पांदणीकडे निघाले. इतक्या महिन्यांत एकटी घराबाहेर पडायची ती पहिलीच वेळ. विवेक दात घासत होता, तो ब्रश तोंडात तसाच ठेवून पाहत राहिला.

धुकं होतं. आमच्याकडे ते फार दाट नसतं, पण तुरीच्या उभ्या पिकात अडकून राहतं, आणि मग तूर शेतात उभी नसून तरंगते आहे असं दिसतं. फुटलेला कापूस धुक्याहून जरा जास्त पांढरा. तेवढ्या फरकावरूनच कळत होतं कुठे शेत संपतं आणि कुठे हवा सुरू होते. माझ्या चपलांचा आवाज मला मागून येत होता, जणू दुसरी कोणी बाई थोडं अंतर ठेवून चालली आहे. मी थांबले की तीही थांबायची.

काट्यांच्या अलीकडे बापूराव उभे होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणं, डोक्यावर टोपी. पायात मात्र दोन वेगळ्या चपला. एक स्वतःची असावी, एक सुनेची.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"विवेकची बायको, पाटील. रक्षा."

"असं. मॅडम." त्यांनी मान हलवली. आवाज जुनाच होता, चौक शांत करणारा. "मोटार गेली का?"

"अजून नाही."

"तारीख हाय माझी. पंच म्हणून सही केली होती मी, तवा साक्ष द्याच लागते. लोकं बिमारीचा कागद देतात अन् सुटतात. मी कधी नाई देला. ताप अंगात घेऊन उभा राह्यलो पिंजऱ्यात." ते काट्यांकडे पाहू लागले. "पण ही वाट कोणं बंद केली समजत नाई. विचारलं पायजे. पाटील असून मले ठाऊक नाई."

धुक्यात कुठेतरी एक टिटवी ओरडत गेली. आम्ही दोघांनी तिकडे पाहिलं.

"आता पाहा मॅडम, एक तं काट्यातून जाऊ शकतो," ते म्हणाले, "नाई तं वापस घरी जाऊ शकतो. सदरा फाटला तं न्यायाधीशापुढं कसं उभं राहाव? अन् वापस गेलो तं गैरहजरी. तुम्ही शिकलेल्या हा. काय करू?"

त्यांनी माझ्याकडे इतक्या विश्वासाने पाहिलं की मला फळ्यासमोरचा तो क्षण पुन्हा आल्यासारखा वाटला. दोन मार्ग, दोन्ही बरोबर. मी वाट पाहिली की आता मी थांबेन. धुकं थोडं हललं.

"तारीख पुढे ढकलली, पाटील," मी म्हणाले. "निरोप आला आहे. घरी जायचं."

"पुढं ढकलली?"

"हो."

"ह्यांचं असंच असते," ते म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यांतून काहीतरी मोठं ओझं उतरल्यासारखं झालं. त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला आणि आम्ही घराकडे वळलो. वाटेत ते म्हणाले, "ती जयवंता चांगली बाई हाय. साखर जास्त टाकते, पण चहा देते."

म्हणजे जयवंताबाई स्वप्नात आल्या नव्हत्या.

योगेंद्र अंगणात उभा होता. आम्हाला पाहून त्याचा चेहरा उतरला. वडिलांना आत बसवून तो माझ्याबरोबर फाटकापर्यंत आला.

"पाह्यलं तुम्ही," तो म्हणाला.

"पाहिलं. योगेंद्र, मी समितीत परत आले तर?"

"मंग मी जे सांगितलं थे?"

"ते तू समितीत नसलेल्या बाईला सांगितलंस. मी तिथे ते बोलणार नाही. तुलाच बोलावं लागेल. वाटेला फाटक बसवता येईल. बाहेरून कडी. गाडी जाईल, ते जाणार नाहीत. पण फाटक कशासाठी हे कोणी सांगितलंच नाही, तर समिती काट्या काढायला लावेल आणि वाट उघडी पडेल."

"मले समजते वहिनी. फाटक मले बी समजते." त्याने फाटकाच्या लोखंडावरचं दव अंगठ्याने पुसलं. "पण असं चारचौघात कोणी बोलते का? घरातल्या माणसाचं डोकं चालत नाई म्हणून? तुम्हीच सांगा. या गावात कोणी बोललं का आजपर्यंत?"

 उत्तर मला ठाऊक होतं, आणि त्यालाही बहुधा.

घरी येताना जयवंताबाईंच्या दाराशी थांबले. त्या ओसरीवर कापसातली पातेरी, म्हणजे वाळक्या पानांचा चुरा, वेचत बसल्या होत्या. त्यांना योगेंद्रचं काही सांगता येत नव्हतं, योगेंद्रला त्यांचं नाही. मी एवढंच म्हणाले की मी कदाचित समितीत बसेन, आणि तुम्ही मला जे सांगितलं ते समितीत नाही म्हणून सांगितलं होतं.

"मंग बस," जयवंताबाई मान वर न करता म्हणाल्या. "बोललेलं वापस मागाले मी काय उसनी वाटी देली होती?"

बैठक रविवारी होती. शनिवारी संध्याकाळी विवेक ताटं घेत होता.

"महादेवरावांचा फोन आला होता," तो म्हणाला. "उद्या माधवीताईंचं नाव घेणार आहेत. मी म्हटलं, ठीक आहे."

"मी येणार आहे उद्या."

"बैठकीत?" त्याने ताट खाली ठेवलं. "कशाला रक्षा? आत्ता कुठे जरा जेवायला लागलीस. कोणी काही वाकडं बोललं तर? तिथे काय, सगळे बोलायलाच बसलेले असतात. एकदा नाव निघालं की प्रश्न संपला."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"मोठे निर्णय नको म्हणाले होते. तेच तर सांगतोय."

"मला मोठा वाटेल तेवढा, म्हणाले होते."

 मग त्याने दोन वाट्या काढल्या, एक मोठी, एक छोटी, आणि नेहमीसारखं माझ्या वतीने न ठरवता दोन्ही माझ्यासमोर ठेवल्या. मी छोटी घेतली. त्याने तीत वरण वाढलं. 

"मी थायरॉइड सांगितलं ते तुझ्यासाठीच," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"माहीत आहे. उद्या कदाचित मी दुसरं सांगेन. तुला चालेल?"

 "ऑफिसात विचारतील," तो म्हणाला. आणि मग, "विचारू दे."

पण मी काय सांगणार हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. येईन एवढंच ठरलं होतं. नाव काढायचं की ठेवायचं, ते तसंच होतं, दोन शब्द दारात अडलेले.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. खिडक्यांतून ऊन येत होतं आणि त्यात कापसाचे सूक्ष्म तंतू तरंगत होते. वेचणीच्या दिवसांत ते सगळ्यांच्या कपड्यांवरून आत येतात. ते खाली पडत नव्हते, वरही जात नव्हते. मी बायकांच्या बाजूला बसले. जयवंताबाईंनी सरकून जागा दिली. योगेंद्र आत आलाच नव्हता. दाराच्या चौकटीला हात लावून बाहेर उभा होता, केव्हाही निघून जाईल असा. सगळे बोलत होते आणि मला ते पाण्याखालून ऐकू येत होतं. मला वाटलं, पुन्हा सुरू झालं. मी सतरंजीचा एक निळा पट्टा धरून बसले आणि तो जिथे संपतो तिथपर्यंत नजर नेली, आणि परत आणली.

"पयले समितीचं," महादेवराव म्हणाले. "रक्षा मॅडमची तब्येत बरी नाई, तवा त्यांच्या जागी माधवीताईचं नाव आलं हाय. मंग पांदणीचा विषय. आज काई झालं तरी निकाल लावू, नाई तं तहसीलले पाठवू, मंग ते येऊन काट्या काढतीन. मॅडमचं नाव काढाले कोणाची हरकत?"

कोणाचीच नव्हती. माधवीताईंनी पदर नीट केला. मी उभी राहिले. 

"मला थोडं बोलायचं आहे," मी म्हणाले.

"बसून बोला सूनबाई, बसून."

"उभीच बरी आहे." मी निळ्या पट्ट्यावर नीट उभी राहिले. "मला थायरॉइड नाही."

मागून कोणीतरी हसलं. "मंग माह्या बायकोनं एवढे धने कशाले देले?"

"धने चांगले होते," मी म्हणाले. लोक हसले, आणि मीही हसले असेन, कारण ते पाणी जरा खाली गेलं. "मला डिप्रेशन आहे. मनाचा आजार. जुलैपासून. वर्ध्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाते, रोज औषध घेते. हे घरात झालं की आपण दुसरं नाव सांगतो. आमच्याकडेही तेच केलं."

 विवेक मागच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याने मान खाली घातली नाही. जयवंताबाई समोर पाहत होत्या.

"हे सारं ठीक हाय मॅडम," दुसऱ्या कोपऱ्यातून एक जण म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, खरोखरची शंका होती. "पण दिमागाचं औषध खाऊन निकाल देता येते का?"

"हळू देता येतो," मी म्हणाले. "आणि आणखी एक सांगायला पाहिजे. पांदणीच्या दोन्ही बाजूंची माणसं माझ्या घरी येऊन माझ्याशी बोलली आहेत. मी समितीत नाही असं समजून. ते मी इथे उघड करणार नाही. त्यांना वाटलं तर ते बोलतील. पण मी ऐकलं आहे, हे तुम्हाला माहीत असावं. त्यावरून तुम्ही मला काढलंत तरी माझी तक्रार नाही."

योगेंद्रने चौकटीवरचा हात काढला. एक पाऊल आत टाकलं. मग चप्पल काढायची राहिली हे लक्षात येऊन मागे गेला, चप्पल काढली, आणि पुन्हा आत आला. जयवंताबाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

महादेवरावांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, मग पुन्हा डोक्यावर ठेवली.

"आम्ही काढाचं का ठेवाचं थे मंग पाहू," ते म्हणाले. "पयले तुम्ही सांगा सूनबाई. मी तुमाले कवाचं विचारून राह्यलो. काय ठरवलं?"

मी दोन्ही शब्दांची वाट पाहिली. एकच आला.

"ठेवा," मी म्हणाले. "मी बसणार आहे."